दसऱ्याला भात हिरवंच होतं

एकोणतीस वर्षं मी जालन्याच्या एका शाळेत इतिहास शिकवला, आणि दरवर्षी एक वाक्य फळ्यावर लिहिलं : खरिपाची पिकं घरात आली, की दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत. वाक्य सुटसुटीत आहे. मुलं पाठ करतात, पेपरात उतरवतात, मार्क पडतात. एकदाच, फार वर्षांपूर्वी, सातवीतल्या मंदानं हात वर केला. "बाई, सगळे गडी मोहिमेवर गेल्यावर शेत कोण कापायचं?"

"कापूनच जायचे. वाक्यात लिहिलंय ना? खाली बस."

ती बसली. तास संपला. पण तो प्रश्न मला दातात अडकलेल्या सुपारीसारखा अधूनमधून टोचत राहिला. शिकवणाऱ्या माणसाला स्वतःचं उत्तर खोटं वाटलं की फार त्रास होतो, आणि मला तो होत होता. निवृत्त झाले, गुडघे अजून शाबूत आहेत तोवर हिंडून घ्यावं म्हटलं, आणि यंदा बी.एड.ची मैत्रीण विमल मगदूम हिच्याकडे कोल्हापूरला जायचं ठरवलं. दसऱ्याचं सीमोल्लंघन डोळ्यांनी बघावं, एवढाच तेव्हा बेत होता.

मंगळवार पेठ, दसऱ्याचा आदला दिवस

विमल दारातच उभी. "ये गं बाई, सकाळपासून वाट बघतोय मी." मी आधी चमकले, मग हसले. इथल्या बायका सर्रास 'मी येतो, मी जातो' म्हणतात. आमच्याकडे असं कुणी बोललं तर सासू आधी कपाळाला हात लावेल. विमल तर हिंदी-मराठीची शिक्षिका होती, पण घरात पाय टाकला की पक्की कोल्हापूरकर.

घर जैनांचं. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, आणि रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत. पावणेसहाला ताट वाढलं तेव्हा मला चहाची तलफ होती. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही. कोल्हापूर म्हटल्यावर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची स्वप्नं बघत आलेल्या बाईची अशी जिरते. नऊ वाजता पोटात कावळे ओरडायला लागले आणि मी पर्समधली बिस्किटं पांघरुणात तोंड घालून खाल्ली.

विमलच्या यजमानांचं, आण्णांचं, खाली तांदळाचं दुकान. माणूस मिश्किल. जेवताना मी माझं लाडकं वाक्य आणि त्यावरचा मंदाचा प्रश्न त्यांना ऐकवला. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"दसऱ्याला पीक घरात? कुठलं म्हणायचं हे?"

"भात, आण्णा. बाजरी. खरीप."

"बाजरीचं तुमचं तुम्ही बघा. पण चंदगडचं भात दसऱ्याला कापतात व्हय? ताई, पन्नास वर्षं तांदूळ विकतोय मी. गरवं भात दिवाळी झाली तरी शेतात उभं असतंय. पुस्तक लिहिणारा चंदगडला गेलता का कधी?"

विमल गालात हसत होती.

"आणि फौज म्हणजे तरी काय ओ?" आण्णा म्हणाले. "दुसऱ्यानं पिकवलेलं खाणारी माणसं. सहा जणांच्या घरात सहा जणांपुरतंच पिकलं, तर एकालाही उंबऱ्याबाहेर सोडता येत न्हाय. जास्तीचं पिकलं तरच एक मोकळा. मग त्याच्या हातात तलवार द्या न्हायतर बंदूक. देशाचं बी तेच की."

हे ऐकल्यावर मला एकदम माझं लहानपण आठवलं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना आईच्या तोंडचे शब्द मी इथे लिहीत नाही. वडील म्हणायचे, "जो दुसऱ्याचं खातो, त्याला दुसऱ्याचं ऐकावं लागतं." मी समजत होते ते आमच्या काकांबद्दल बोलतायत. देशाबद्दल बोलत होते हे पन्नास वर्षांनी, आण्णांच्या ताटासमोर कळलं.

पन्हाळा आणि दसरा चौक

सकाळी विमलला चुकवून आधी मिसळ खाल्ली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि जीव निवला. मग पन्हाळ्यावर गेले, ते फक्त अंबरखाना बघायला. लोक तिथे बुरुजांसमोर फोटो काढतात. मी अर्धा तास धान्याच्या कोठारात उभी. आत गार काळोख, भिंती इतक्या जाड की बाहेरचा आवाज येत नाही, आणि वर छताला भोकं. छपरावरून धान्य आत ओतायचं. वेढा पडला की तोफा, बुरुज, तटबंदी सगळं ठीक. पण गड किती महिने टिकणार हे या कोठारानं ठरवायचं. मी वर्गात लढाया शिकवल्या, सेनापती शिकवले. कोठारावर एक तासही घेतला नाही, याची मला तिथे खरंच लाज वाटली.

संध्याकाळी दसरा चौकात ही गर्दी. पालख्या आल्या, शमीचं पूजन झालं, बंदुकीची सलामी झाली, आणि पुढच्या क्षणी सगळा जमाव आपट्याच्या पानांवर तुटून पडला. सोनं वाटत नाहीत इथे, लुटतात. माझी चप्पल त्या लुटीत गेली. एका पायात चप्पल घालून मी मंगळवार पेठेत परत आले, तर आण्णा म्हणाले, "सीमोल्लंघन झालं म्हणायचं. आता चंदगडला जावा. आमचे गावडे हाएत तिथं. वर्षानुवर्षं त्यांचा तांदूळ घेतोय. पोरगा फौजेतच हाय, रजेवर आलाय. तुमचा प्रश्न त्याच घरात इचारा."

चंदगड तालुका, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

एसटी घाट चढायला लागली तसा उसाचा हिरवा रंग मागे राहिला आणि भाताचा सुरू झाला. दोन्ही हिरवेच, पण आमच्या कोरड्या मुलखातल्या डोळ्यांना फरक लगेच कळतो. काजूची झाडं, लाल माती, दर वळणावर पाणी. "कुठं पावणं, एकट्याच?" कंडक्टरनं विचारलं. गावड्यांच्या वाडीचं नाव सांगितल्यावर त्यानं बरोबर फाट्यावर उतरवलं, वर पिशवीही खाली दिली.

गावड्यांच्या घरी तीन माणसं. म्हातारे आप्पा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, काठी घेऊन सोप्यात बसलेले. त्यांचा मुलगा संतोष, फौजेत नोकरीला लागून चौदा वर्षं झालेली, केस बारीक कापलेले, बसला तरी ताठ. आणि त्याची बायको रेणुका, अंगणात खेकडे साफ करत होती. दाराला आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या बांधलेल्या. दसऱ्याला नव्या पिकाच्या लोंब्या दाराला बांधतात, त्याला इथे 'नवं' म्हणतात.

मी त्या लोंब्यांकडे बघितलं आणि मोठ्या उत्साहानं म्हटलं, "वा! म्हणजे कापणी झाली वाटतं तुमची?"

आप्पांनी तोंड फिरवलं. संतोष उठून पाणी आणायला गेला. रेणुकाच्या हातातला खेकडा तेवढा हालत होता. मी काय बोलले ते मला कळेना, पण चुकीचं बोलले एवढं नक्की कळलं.

"ते शेजाऱ्याच्या शेतातलं हाय," आप्पा शेवटी म्हणाले. "चौदा वर्सांत पैल्यांदा दुसऱ्याकडनं मागून नवं बांधलं. आमचं भात हिरवं हाय अजून. जावा, बघून या."

मग हळूहळू सगळं समजलं, थोडं आप्पांकडून, थोडं संतोषकडून. भात दोन तऱ्हेचं. हळवं लवकर पिकतं, दसऱ्याच्या आसपास कापायला येतं, पण उतारा कमी. गरवं महिनाभर उशिरा, पण भरघोस. ज्या घरातला माणूस फौजेत, त्या घरात हळवं लावायचं, ही आप्पांची रीत. दिवाळीची रजा सगळ्यांना हवी असते, दसऱ्याची त्या मानानं मिळते. मुलगा आला की कापणी करून जाईल. दाणा कमी पडला तर पडू दे.

मी वहीच काढली. तीस वर्षांपूर्वी मंदाला द्यायचं उत्तर हेच की. माणूस मोहिमेवर वेळेत निघावा म्हणून घरं कमी पिकणारं भात लावत असतील. मनातल्या मनात मी स्वतःला शाबासकीसुद्धा दिली. ती फार घाईची ठरली.

कारण यंदा रेणुकानं सगळ्या शेतात गरवं लावलं होतं. पेरणीच्या वेळी आप्पा ऑपरेशनसाठी बेळगावला लेकीकडे. संतोषला फोनवर ती एवढंच सांगायची, "भात बरं हाय." तो रजा घेऊन आला, पहिल्याच दिवशी विळ्याला धार लावली, शेतात गेला, आणि विळा तसाच हातात घेऊन परत आला.

"आठ दिस झाले," आप्पा म्हणाले. "उद्या सकाळी त्यो चालला. आन् भात अजून म्हैनाभर उभं ऱ्हाणार. हितं हत्ती येत्यात पावणं. गवं येत्यात. एका रातीत वर्साचं पीक आडवं करत्यात. हळवं असतं तर आज घरात असतं."

त्यात आणखी एक गोष्ट अडकली होती. संतोषची मुदत भरत आली होती. पेन्शन घेऊन घरी यायचं की पुढे राहायचं, हे त्याला परत गेल्यावर कळवायचं होतं. आप्पांचं म्हणणं साधं : घरी ये, शेत बघ. संतोषला पुढे राहायचं होतं, वरची जागा जवळ आली होती. पण म्हाताऱ्यापुढे बोलायची छाती नव्हती. आणि हे गरवं भात म्हणजे आप्पांच्या हातात आयतं कोलीत. हत्तींनी खाल्लं, की घरी ये म्हणायला बोलायचीसुद्धा गरज नाही.

दुपारी जेवायला खेकड्याचा रस्सा आणि भात. दोन दिवसांच्या सात्त्विक मुक्कामानंतर मी तो असा ओरपला की आप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "मराठवाड्यात खेकडं न्हाईत व्हय?" म्हणाले. "पाणीच नाही, तर खेकडे कुठून," मी म्हटलं.

शेतावर

ऊन उतरल्यावर रेणुकाबरोबर शेताकडे गेले. बांधावरून चालताना दोनदा घसरले, तिसऱ्यांदा सरळ चिखलात बसले. रेणुकानं हात देऊन उठवलं आणि नंतर पोटभर हसून घेतलं. त्या हसण्यानंच ती बोलती झाली.

"तुमी मास्तरीण हायसा न्हवं? मग सांगा, माझं काय चुकलं. हळवं लावायचं ते ह्यांच्या रजेसाठी. मागली दोन वर्सं रजाच मिळाली न्हाय. हळवं पिकून गळाय लागलं. कुणी कापलं? मी. शेजारणी पैऱ्याला आल्या, त्यांच्या शेतात मी गेलो. मग एकटीनंच कापायचं असंल, तर कमी पिकणारं कशाला लावू?"

पैरा म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. पैशाचा व्यवहार नाही.

"पण संतोषला विचारायचंस तरी."

"इचारलं असतं तर न्हाय म्हणाले असते. आप्पांना वाईट वाटंल म्हणून. बाई, त्यांना तिकडं ऱ्हायाचं हाय. झोपेत बी तिकडचंच बोलत्यात. हितं आले तर माझ्यासाठी आले असं म्हणतील, आन् जलमभर माझ्या तोंडाकडं बघत बसतील. मला त्ये नको."

"आणि हत्ती आले तर?"

"आले तर आले," ती म्हणाली, पण तिचा आवाज एवढासा झाला. हत्तीची भीती तिला नव्हती असं नाही. उलट फार होती. तरी तिनं हे केलं होतं, आणि तेच बघून मला तिचं भारी कौतुक वाटलं.

शेताच्या टोकाला संतोष दिसला. चार बांबू पुरून राखणीचा माळा बांधत होता. मागच्या वर्षीचा मोडका होता, तो काढून नवा, जास्त उंच. कडेनं तार ओढून तिला रिकामे डबे टांगलेले. तारेला धक्का लागला की गावभर आवाज जावा. तिसऱ्या दिवसापासून तो हेच करत होता म्हणे.

मी खाली उभी राहिले. रेणुका पलीकडे पाणी सोडायला गेली.

"राग आलाय का तिचा?" मी शिक्षिकेच्या उद्धटपणानं विचारलं. सवय जात नाही.

त्यानं गाठ आवळली. "राग न्हाय मॅडम. वाईट वाटलं. विळा घेऊन गेलो आन् कापायला कायच न्हाय. मला वाटलं, आपली हितं गरजच न्हाय." मग म्हणाला, "तिकडं वर आमाला तांदूळ येतो. बर्फात कुकर लावायचा, शिट्टी व्हायची वाट बघत बसायचं. इतकी वर्सं खाल्ला. ह्यो कुणी कापला असंल, असं एकदा बी डोक्यात आलं न्हाय. घरचं मात्र मीच कापाय पायजे म्हणून रजेसाठी सायबाच्या मागं लागायचो."

मी वही उघडली नाही. डबे बांधायला त्याला मदत केली. त्यातले दोन माझ्याच हातून सुटून चिखलात पडले.

निघताना

सकाळी संतोष पेटी घेऊन निघाला. आप्पा दारापर्यंत आले, त्याच्या खांद्यावरचा धागा काढला. मीही त्याच गाडीनं निघणार होते. रेणुका शेताच्या कडेला रस्त्यापर्यंत आली, डोक्याला टॉवेल बांधलेला, हातात गोफण.

"राखशील न्हवं?" संतोषनं विचारलं.

"तुमी तिकडं काय करतासा? तेच मी हितं." मग लगेच, "जावा आता, गाडी चुकंल."

एसटीत गडहिंग्लजपर्यंत तो माझ्या शेजारी बसला होता. उतरताना माझ्या पाया पडला. कागदावर काय लिहिणार, हे विचारायची माझी जीभ फार वळवळत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी ती आवरली.

जालना

परत आल्यावर दीड महिना मी रोज पेपरात हत्तींच्या बातम्या शोधत होते. जालन्यात बसून चंदगडच्या हत्तींची काळजी करणारी मी एकटीच बाई असेन. शेवटी एका दुपारी फोन वाजला.

"बाई, रेणुका बोलतोय. हत्ती दोनदा आले. ओढ्याकडचं सगळं खाल्लं, माळा बी पाडला. मी वरच होतो, उडी टाकली, पाय मुरगळला. पण डबं वाजलं, समदी वाडी बत्त्या घेऊन आली. बाकीचं घरात हाय. कणगी भरून वर पोती हाएत. आण्णांच्या दुकानात चार गेली. एक तुमच्यासाठी पार्सलनं लावलंय."

"आणि संतोष?"

"पुढं ऱ्हातो म्हणून लिवलं त्यांनी. पोती घरात यायच्या आधीच लिवलं. मला आत्ता सांगितलं."

"आप्पा काय म्हणाले?"

ती हसली. "कायच न्हाय. पर परवा बघितलं तर बियाणं निवडत बसलेत. पुढल्या सालासाठी. गरव्याचंच."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून चक्क रडले. कशासाठी, ते नीट सांगता यायचं नाही.

तांदूळ आला. मी डबाभर घेऊन मंदाकडे गेले. ती आता जालन्यातच शिवणकाम करते, तिची मुलगी माझ्याच शाळेत शिकून गेली. मशीन थांबवून तिनं मला खुर्ची दिली. मी डबा टेबलावर ठेवला आणि तिला तिच्या प्रश्नाची आठवण करून दिली. मग आण्णा, अंबरखाना, हळवं-गरवं, हत्ती, रेणुका, सगळं सांगितलं. "तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं होतं गं," म्हटलं. "गडी कापून जात नव्हते. मागं राहिलेल्या बायका कापायच्या. खरं उत्तर द्यायला मला तीस वर्षं लागली."

मंदा तांदूळ हातात घेऊन बघत होती.

"मला उत्तर माहीत होतं, बाई," ती म्हणाली. "माझे वडील फौजेत होते. दसऱ्याला बाजरी आई कापायची, आणि शाळा बुडवून मी. तुमच्या पुस्तकात आम्ही आहोत का, तेवढंच मला विचारायचं होतं."